रायफल सगळे बघतात, राऊंड कोण बघणार?

भुसावळ-वरणगाव पट्ट्यात बंदुकीच्या गोष्टीला श्रोते शोधावे लागत नाहीत. घरटी कुणीतरी रेल्वेत, कुणीतरी फॅक्टरीत, कुणीतरी फौजेत. त्यामुळे सैन्याने नवी रायफल घेतल्याची बातमी आली की चहाच्या टपरीवर, बस स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत तोच विषय. आणि सूर बहुतेक वेळा शंकेचा. "इन्सास आणली तेव्हाही असंच सांगितलं होतं." "रशियाची घेतली, मग अमेरिकेची काबरं घेतली?" "एवढा मोठा देश, आपल्याले एक रायफल धड बनवता येत नाही का भो?"

मी या शंका घेणाऱ्यांच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. पोरगं आपलं, हत्यार त्याच्या हातात, पैसा आपला, मग विचारायचं नाही तर काय करायचं? सैन्याबद्दल प्रश्न विचारला की काही जण लगेच देशभक्तीचं माप काढतात. मला ते पटत नाही. पण शंका घेणाऱ्यांबद्दलही माझी एक तक्रार आहे. सगळी चर्चा रायफलीवर होते. लांबी, वजन, दिसते कशी, कोणत्या देशाची. राऊंडबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. आणि माझी उभी नोकरी राऊंडमध्ये गेली.

वरणगावच्या आयुध निर्माणीत मी इन्स्पेक्शनला होतो. लहान हत्यारांचा दारूगोळा, म्हणजे रायफलीची काडतुसं, इथे बनतात. वर्तमानपत्रात काडतूस लिहितात, आम्ही राऊंड म्हणतो. आतलं काही मी इथे लिहिणार नाही. जे लिहितोय ते धातुशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात सापडेल. मी फक्त ते हातात धरून बघितलेलं आहे.

राऊंडची केस, म्हणजे दारू भरायचं नळकांडं, पितळेची. ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. सुरुवात होते एका बुटक्या वाटीपासून, तिला कप म्हणतात. प्रेसमध्ये तो कप ओढून लांब करायचा. एकदा ओढला की पितळ कडक होतं, म्हणून भट्टीत तापवून मऊ करायचं, धुवायचं, पुन्हा ओढायचं. असं करत करत नळी होते. मग बूड ठोकायचं, त्यात प्रायमरची, म्हणजे दारू पेटवणाऱ्या टिकलीची, खोबण करायची, कड कापायची, शेवटी मान आवळायची. खुबी अशी की एकाच केसचं बूड कडक लागतं आणि मान मऊ लागते. बूड मऊ राहिलं तर फायर होताना ते पसरतं, प्रायमर सैल होतो, गॅस मागे येतो. मान कडक राहिली तर राऊंड गोदामात नुसता पडल्या पडल्या मानेला चीर जाते. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात पावसाळा आला की घोड्यांच्या तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांना अशा भेगा पडायच्या. कारण नंतर सापडलं. ओढून-आवळून पितळेत ताण राहिलेला, हवेत ओल, आणि घोड्याच्या मुतातला अमोनिया. तिघांनी मिळून केस फाडली. म्हणून मान आवळल्यावर तिला पुन्हा आच देतात. नव्या राऊंडच्या मानेजवळ जो निळसर-तपकिरी डाग दिसतो तो याच आचेचा. कित्येक जणांना तो माल खराब झाल्याची खूण वाटते. खरं तर तो डाग बघून माझ्यासारख्या माणसाला बरं वाटतं.

आता ट्रिगर दाबल्यावर काय होतं ते बघा. प्रायमर पेटतो, दारू पेटते, दाब चढतो. पितळ फुगून चेंबरच्या, म्हणजे बॅरलच्या मागे राऊंड बसतो त्या जागेच्या, भिंतीला घट्ट चिकटतं आणि गॅस मागे येऊ देत नाही. गोळी बॅरलच्या बाहेर पडली की दाब उतरतो, पितळ परत आकसतं, एक्स्ट्रॅक्टर केसची कड पकडून तिला बाहेर फेकतो आणि पुढचा राऊंड आत जातो. केस नीट फुगली नाही तर गॅस जवानाच्या तोंडावर. नीट आकसली नाही तर केस चेंबरमध्येच अडकते आणि रायफल म्हणजे लोखंडी काठी. सगळं हत्यार या पितळेच्या फुगण्या-आकसण्यावर उभं आहे. रायफल आणि राऊंड ही बैलजोडी आहे. एक बैल बदलला तर जू नव्याने बसवावं लागतं.

म्हणून अमेरिकेच्या नव्या रायफलीवर जो गदारोळ चाललाय, तो मी बारकाईने वाचतो. आपल्या पट्ट्यातल्या लोकांनीही वाचावा असं मला वाटतं, कारण त्यांनी रायफल आणि राऊंड दोन्ही एकदम बदलायला घेतलंय. साठच्या दशकापासून त्यांच्या पायदळाचा राऊंड ५.५६ मिलिमीटरचा (आकडा गोळीच्या जाडीचा). २०१७ साली त्यांच्या लष्करप्रमुखांनी सिनेटसमोर सांगितलं की आताची गोळी नव्या प्रकारच्या चिलखती पाट्या भेदत नाही. त्यातून ६.८ मिलिमीटरचा नवा राऊंड आला. एप्रिल २०२२ मध्ये सिग सावर कंपनीला दहा वर्षांचं कंत्राट मिळालं. रायफलीचं नाव आता एम-७, सोबत एम-२५० ही मशीनगन. मार्च २०२४ मध्ये त्यांच्या १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनच्या हातात ती पडली.

या राऊंडचा दाब दर चौरस इंचाला ८०,००० पौंडांपर्यंत जातो. ५.५६ मध्ये हाच आकडा साठ हजारांच्या आसपास असतो. एवढा जादा दाब पितळेच्या बुडाला झेपत नाही. मग त्यांनी केसच तोडली: बूड स्टीलचं, वरचं अंग पितळेचं, आणि दोन्ही आतून अ‍ॅल्युमिनियमच्या वॉशरने जखडलेले. वाचलं तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. डोकं लढवलंय, यात वाद नाही. पण इन्स्पेक्शनच्या माणसाला त्यात वेगळंच दिसतं. आमच्याकडे एक धातू, एक अंग. तिथे तीन धातू आणि त्यांचा सांधा. तिन्ही नग वेगळे तपासा, मग सांधा तपासा, मग तोच सांधा कडाक्याच्या थंडीत आणि भर उन्हात तपासा. आणि हे शंभर-दोनशे नमुन्यांवर नाही. राऊंड कोटींच्या हिशेबात लागतात. प्रयोगशाळेत शंभर राऊंड उत्तम निघणं आणि लाईनवरून रोज लाखांनी सारखेच निघणं, या दोन गोष्टींत किती अंतर असतं हे लाईनवर उभं राहिलेल्यालाच कळतं. मिसुरी राज्यातल्या लेक सिटी इथल्या त्यांच्या सरकारी काडतूस कारखान्यात ६.८ साठी वेगळी नवी इमारत उभी करायला घेतली आहे. रायफल जवानाच्या हातात आधी गेली, राऊंडचा मोठा कारखाना मागून उभा राहतोय. हा क्रम मला खटकतो.

तिथले लोक ज्या शंका काढतात त्याही नीट ऐकण्यासारख्या आहेत. जुन्या एम-४ च्या मॅगझिनमध्ये ३० राऊंड, नव्या एम-७ च्या मॅगझिनमध्ये २०. जवान सात मॅगझिन बाळगतो. म्हणजे आधी २१० राऊंड, आता १४०. राऊंड कमी होऊनही ओझं कमी होत नाही, कारण प्रत्येक राऊंड जड आणि रायफलही जड. सायलेन्सर लावला की नुसती रायफल साडेचार किलोच्या घरात जाते. २०२५ साली त्यांच्याच लष्करातल्या एका कॅप्टनने जाहीर व्यासपीठावर सांगितलं की ही रायफल आजच्या लढाईला योग्य नाही: राऊंड लवकर संपतात, बॅरल लवकर झिजतात. कंपनीने त्याचं म्हणणं मुद्देसूद खोडून काढलं. लष्कराने मे २०२५ मध्ये रायफलीवर पक्कं शिक्कामोर्तब केलं. तो कॅप्टन बरोबर की कंपनी, हा निवाडा इथे वरणगावात बसून मी देणार नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की वर्दीतला माणूस उघडपणे बोलला, कंपनीला उघडपणे उत्तर द्यावं लागलं, आणि दोन्ही बाजू लोकांसमोर आल्या. शिवाय त्यांच्या संरक्षण खात्यात चाचण्यांवर नजर ठेवणारं एक स्वतंत्र कार्यालय आहे. ते दरवर्षी अहवाल छापतं. या रायफलीवर जी महागडी दुर्बीण बसवली आहे, तिच्या वापराला जवानांनी नापासाच्या जवळचे शेरे दिले, हे त्याच अहवालात छापून आलं. सरकारनेच छापलं.

शंकेने जीव वाचतात याचा दाखलाही त्यांच्याच इतिहासात आहे. व्हिएतनामच्या युद्धात एम-१६ रायफल नवी होती. जंगलात ती अडकायला लागली. केस चेंबरमध्ये रुतून बसायची, एक्स्ट्रॅक्टर कड फाडून यायचा, केस तिथेच. पोरं घरी पत्रं लिहायची, आईबाप ती पत्रं खासदारांकडे न्यायचे, वर्तमानपत्रांत ती छापून यायची. १९६७ मध्ये संसदेची उपसमिती बसली. निघालं काय? रायफलीची रचना एका दारूवर बेतलेली, आणि पुढे राऊंडमध्ये दुसरी दारू भरायला सुरुवात झाली. नव्या दारूने काजळी जास्त, राऊंड एकामागोमाग सुटण्याचा वेगही जास्त. वर चेंबरला क्रोमचा मुलामा नाही, आणि ही रायफल साफ करावी लागत नाही अशी समजूत पसरलेली, त्यामुळे साफसफाईचं सामानही पुरेसं नाही. मुलामा दिला, दारू सुधारली, साफ करायला शिकवलं, तेव्हा तीच रायफल नीट चालली आणि पुढे कित्येक दशकं चालली. दोष शोधायचा तर तो राऊंडपासून शोधावा लागला. मेलेल्या पोरांच्या आईबापांनी प्रश्न विचारले नसते तर हे किती उशिरा कळलं असतं?

आता आपल्याकडे येऊ.

१९६२ मध्ये आपले जवान चिनी सैन्यासमोर थ्री-नॉट-थ्री घेऊन उभे होते, एकेक गोळीला बोल्ट ओढत. त्यानंतर ईशापूरची ७.६२ ची एसएलआर आली, पुढचा राऊंड आपणच भरणारी. तिने ६५ आणि ७१ ची युद्धं पाहिली. जुने फौजी अजून तिच्याबद्दल बोलताना हळवे होतात. खांदा दुखायचा पण माणूस पडायचा, असं म्हणतात. मग नव्वदच्या दशकात पुण्याच्या संस्थेने रचलेली इन्सास आली, ५.५६ ची. राऊंड हलका, धक्का कमी, नेम चांगला. आमच्या भागातल्या ज्या ज्या फौजींनी ती वापरली त्यांच्यात नेमाबद्दल वाईट बोलणारा मला भेटला नाही. पण कारगिलच्या थंडीत तिची प्लास्टिकची मॅगझिन तडकली. तीन राऊंडच्या बर्स्टवर, म्हणजे एका दाबात तीनच राऊंड सुटावेत असं, ठेवलेली रायफल कधी सलग सुटायची. तेल उडून डोळ्यात जायचं. २००५ मध्ये नेपाळच्या सैन्यानेही एका मोठ्या चकमकीतल्या हानीनंतर तिच्यावर बोट ठेवलं. आपल्याकडून उत्तर आलं की रायफल नीट वापरली-राखली गेली नसेल.

पुढे सुधारणा झाल्या. मॅगझिन बदलली, इतरही दुरुस्त्या झाल्या. पण लोकांच्या मनात बसलं ते बसलं. आणि त्याचं कारण मला स्पष्ट दिसतं. किती राऊंडमागे किती अडथळे येत होते, त्यातले मॅगझिनमुळे किती, गॅसमुळे किती, राऊंडमुळे किती, आणि दुरुस्तीनंतर तो आकडा कुठे आला, हे साध्या माणसापर्यंत कधी पोचलंच नाही. आकडा मिळाला नाही की माणूस ऐकीव गोष्टीवर मत बनवतो. त्यात त्याचा दोष कमी आहे. माझ्या हाताखालून गेलेल्या पोरांना मी एकच सांगायचो: लॉट, म्हणजे एका खेपेचा माल, नापास केला तर कागदावर कारण लिहा, पास केला तरी कारण लिहा. नुसता शिक्का मारलेल्या लॉटवर माझा विश्वास नाही.

त्यानंतरची वर्षं आपण नुसती दोलायमान काढली. २०११ मध्ये दोन बॅरलांच्या रायफलीची निविदा निघाली. बॅरल बदलून ५.५६ ही चालवायची आणि ७.६२ ही. २०१५ मध्ये ती रद्द झाली. मग ठरलं, परत ७.६२. फेब्रुवारी २०१९ मध्ये अमेरिकेच्या सिग-७१६ रायफली मागवल्या, ७२,४०० नग, ७.६२ × ५१ च्या. २०२४ मध्ये आणखी ७३,०००. त्याच २०१९ च्या मार्चमध्ये उत्तर प्रदेशात अमेठी जिल्ह्यातल्या कोरव्याला रशियन बनावटीच्या एके-२०३ च्या कारखान्याचं उद्घाटन झालं. किमतीची घासाघीस चालली आणि करार व्हायला डिसेंबर २०२१ उजाडला. सहा लाखांवर रायफली, पाच हजार कोटींच्या वर रक्कम. या रायफलीचा राऊंड ७.६२ × ३९.

पेपरात दोन्हीकडे "७.६२" छापून येतं आणि वाचणाऱ्याला वाटतं राऊंड एकच. तसं नाही. गोळीची जाडी जवळपास सारखी, पण केस वेगळी. एकीची ५१ मिलिमीटर लांब, दुसरीची ३९, तीही चांगली निमुळती. एकीत दारू जास्त, धक्का जास्त, पल्ला जास्त. दुसरी हलकी, जवळच्या लढाईची. सिगचा राऊंड एकेमध्ये बसणार नाही आणि एकेचा सिगमध्ये चालणार नाही. मार्च २०२० मध्ये इस्राएलच्या नेगेव्ह मशीनगनचा करार झाला, १६,४७९ नग, त्याही ७.६२ × ५१ च्या. म्हणजे एका तुकडीत जवानाच्या हातात एके आणि शेजारच्या गड्याकडे नेगेव्ह असेल, तर वेळ आली तरी एकमेकांचा राऊंड देता येणार नाही. इन्सास अजून पूर्ण गेलेली नाही, तिला ५.५६ लागतं. तीन तऱ्हेचे राऊंड, तीन लाईनी, तीन हिशेब, खेचराच्या पाठीवर तीन वेगळ्या पेट्या. यामागे विचार असेल. एकीला सीमेवरच्या लांब पल्ल्यासाठी ठेवायचं आणि दुसरीला दहशतवाद्यांशी जवळून लढायला. विचार पटण्यासारखाही आहे. पण तो आम्हाला कुणीतरी नीट समजावून सांगावा. टपरीवर "रशियाची की अमेरिकेची" यावर तास-तास भांडणारे लोक हा प्रश्न विचारत नाहीत, आणि विचारायचा तर हाच विचारायला हवा.

एकच राऊंड सगळ्यांना, ही हाव मोठमोठ्या देशांनाही नडलेली आहे. १९५१ मध्ये इंग्लंडने स्वतःची नवी रायफल आणि .२८० इंचाचा मध्यम ताकदीचा राऊंड स्वीकारला होता. अमेरिका अडून बसली की राऊंड जोरदारच पाहिजे. इंग्लंडला माघार घ्यावी लागली, १९५४ मध्ये ७.६२ × ५१ नाटोचा ठरला. आणि मग अमेरिकाच दहा-बारा वर्षांत तो सोडून ५.५६ कडे वळली. आता परत ६.८. मध्यम राऊंडचा जो विचार त्यांनी तेव्हा मोडून काढला त्याच्या आसपासच सगळे फिरतायत. त्यामुळे "मोठ्या देशाने घेतलं म्हणजे बरोबरच असणार" हे कुणी बोललं की मी थांबवतो.

आणि नव्या काडतुसावरच्या शंकेचं मोल या मातीला कुणी शिकवायला नको. १८५७ मध्ये एन्फिल्ड रायफल नवी, तिचं कागदी काडतूस चरबी लावलेलं, ते दाताने तोडायचं. चरबी गाईची-डुकराची ही बातमी कलकत्त्याजवळच्या डमडमपासून पसरली. सरकारने तुपा-मेणाची मुभा दिली, दाताऐवजी हाताने तोडायची कवायत आणली. पण सगळं मागून, शंका घट्ट झाल्यावर. मीरतच्या ८५ शिपायांनी काडतूस घ्यायला नकार दिला, त्यांना बेड्या ठोकल्या, आणि १० मे ला उठाव झाला. उठावाची कारणं पुष्कळ होती, काडतूस ही ठिणगी. पुढच्या वर्षी ती आग आपल्या सातपुड्यात पोचली, खाज्या नाईकाचे भिल्ल आंबापाणीला इंग्रजांशी लढले. पण त्या पहिल्या महिन्यांत सरकारजवळ वेळ होता. शिपाई विचारत होते, या चरबीत काय आहे? खरं उत्तर वेळेवर आणि उघडपणे दिलं गेलं नाही. शंका घेणाऱ्याला बेड्या घातल्याने शंका मेली नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझा भाचा सुट्टीवर आला होता. फौजेत आहे, यापेक्षा जास्त लिहीत नाही. बाहेर ऊन असं की अंगणातल्या लोखंडी खाटेला हात लावता येईना. आंब्याचा रस, पुरणाच्या पोळ्या झाल्या आणि तो ओट्याच्या सावलीला येऊन बसला. मी त्याला उन्हाचंच विचारलं. कारण मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ ला टेकतो, आणि बंद गाडीत, पत्र्याच्या पेटीत ठेवलेला राऊंड त्याहून कितीतरी जास्त तापतो. दारू तापलेली असली की ती जास्त वेगाने जळते, दाब चढतो. गारठली की दाब उतरतो, गोळी खाली पडते. म्हणून राऊंड गरम करून आणि गोठवूनही प्रूफला, म्हणजे चाचणीला, फायर करतात. ज्या राऊंडचा दाब आधीच धातूच्या सोसण्याच्या काठावर आहे त्याला राजस्थानच्या वाळूत किती जागा उरते, हे विचारलं पाहिजे. सियाचिनमध्ये तोच राऊंड रायफलीचा बोल्ट पूर्ण मागे ढकलतो का, हेही विचारलं पाहिजे. परदेशी रायफल घ्यायची आणि तिच्यात आपला राऊंड घालायचा असेल तर चाचणी आपल्या राऊंडवर झाली पाहिजे. एका लॉटवर नाही, अनेक लॉटवर, वेगवेगळ्या महिन्यांत बनलेल्या. विकणारा आपला निवडक राऊंड घेऊन येतो आणि रायफल फुलासारखी चालते. पुढे वीस वर्षं तिला जो राऊंड खायचाय तो त्या दिवशी मैदानावर नसतो. इन्स्पेक्शनच्या माणसाची झोप इथे उडते.

भाचा शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "मामा, तुम्ही बोलता ते खरं आहे. पण आमच्यात रायफलीच्या देशावर कुणी भांडत नाही. एके घाण सोसते, मातीत पडली तरी चालते, म्हणून पोरांना आवडते. सिग लांब मारते पण जड पडते, राऊंडही जड. डोंगर चढताना कळतं." मी विचारलं, तुला निवडायला सांगितलं तर? त्याने सरळ उत्तर दिलं नाही.

"रायफल कोणतीही द्या," म्हणाला, "सरावाला राऊंड जास्त द्या. नवी रायफल हातात आली की तिची सवय व्हायला राऊंड लागतात. दिवसा, रात्री, धावून आल्यावर दम लागलेला असताना, हातमोजे घालून. कागदावर रायफल पाचशे मीटर मारते. माणूस पाचशे मीटर मारतो का, ते सरावाने ठरतं."

आतापर्यंतच्या चर्चेत हे मला कुणी ऐकवलं नव्हतं. अमेरिकेचीही हीच अडचण. ६.८ चा पल्ला इतका लांब की त्यांच्या कित्येक रेंज त्याला अपुऱ्या पडतात, म्हणून सरावासाठी कमी पल्ल्याचा वेगळा राऊंड करावा लागला. आणि लढाईचा राऊंड तीन धातूंचा म्हणजे महाग. महाग राऊंड सरावाला मोजून-मापून मिळणार, हे कुठल्याही फौजेत ठरलेलं. ज्या राऊंडची जवानाला सवय, तो वेगळा. आणि ज्याने लढायचं, तो वेगळा. धक्का वेगळा, आवाज वेगळा.

म्हणून रायफलीच्या प्रत्येक करारासोबत मला चार ओळी वाचायला मिळाव्यात असं वाटतं. चाचणी कोणत्या राऊंडवर, किती लॉटवर झाली. हजार राऊंडमागे अडथळे किती आले, थंडीत किती आणि उन्हात किती. बॅरल किती राऊंडनंतर बदलावी लागते. आणि एका जवानाला वर्षाला सरावाचे राऊंड किती मिळणार. यातल्या शेवटच्या आकड्याला गुपित म्हणत असतील तर म्हणोत, शत्रूला कळू नये असं त्यात काही असेलही. पण पहिल्या तिघांत लपवण्यासारखं काय आहे? रायफल चांगली असेल तर ते आकडेच तिची बाजू मांडतील. आणि नसेल, तर ते पोरांना डोंगरावर कळण्याआधी आम्हाला इथे कळलेलं बरं.